रोशनीच्या नावाची चंदा

सिल्वासाजवळच्या नरोलीतल्या पत्र्याच्या चाळीत कुणाचं लग्न अडलं की माणसं आधी सरुबाईकडे जायची आणि मग वेळ उरला तर देवाकडे. चौदा खोल्यांच्या ओळीतली नववी खोली तिची. धाग्याच्या कंपनीत ती पॅकिंगला होती. धाग्याच्या कोनाला प्लास्टिकची पिशवी चढवायची, कोन खोक्यात उभा करायचा, पुढचा उचलायचा. या कामाला हात लागतात, तोंड लागत नाही; त्यामुळे दिवसाचे आठ तास तिचं तोंड सोयरिकींसाठी मोकळं असायचं. साक्री तालुक्यातून येऊन तिला इथे वीस वर्षं झाली होती. सुपरवायझरशी ती हिंदीत बोलायची, खोलीमालकाशी गुजरातीत, दवाखान्यात पुस्तकातल्यासारख्या मराठीत. अहिराणी तिने दोनच प्रसंगांसाठी राखून ठेवली होती, एक चिडल्यावर आणि दुसरा घाबरल्यावर. घाबरलेली तिला चाळीत कुणी पाहिली नव्हती.

तिचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं. एखाद्या जोडणीत पोरीचं वय कमी आहे असं कुणी म्हटलं, की ती पदर खोचायची आणि विचारायची, "माले काय व्हयनं?" मला काय झालं? समोर धडधाकट सरुबाई उभी, दोन मुलांची आई, आवाज चाळीच्या टोकापर्यंत जाणारा. पुढे बोलणार कोण? तिचा नवरा सुकदेव सामरवरणीच्या एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन होता. हे वाक्य कानावर आलं की तो उठायचा आणि बाहेर जाऊन बिडी पेटवायचा. लोकांना वाटायचं, बायकोचं तेच तेच ऐकून माणूस कंटाळलाय.

अशा या बाईचा स्वतःचा मुलगा समाधान चोवीस वर्षांचा झाला तरी बिनलग्नाचा होता. हलवायाच्या घरी गोड नसावं तशातला हा प्रकार. पोरात खोट नव्हती. मशीनवर बारा तास उभा राहायचा, पानसुद्धा खायचा नाही. पण मुलीकडचे विचारायचे, मुलगा कुठे असतो? सिल्वासाला, कंपनीत. परमनंट आहे का? इथे सरुबाईला खोकला यायचा. तीन वर्षांत अकरा घरांत तिला हा खोकला आला.

शेवटी गावाकडून निरोप आला तो साट्यालोट्याचा. नवनाथ नावाचा सत्तावीस वर्षांचा मुलगा, त्यालाही कोणी देत नव्हतं. त्याला एक बहीण होती, चंदा. सरुबाईची रोशनी वीस वर्षांची, लग्नाचीच होती. तुमची आम्हाला द्या, आमची तुम्ही न्या, एकाच मांडवात दोन्ही उरकू. अडचण एवढीच की चंदा नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसली होती. आषाढात तिला सोळा पूर्ण होणार होते, आणि हा वैशाख चालू होता.

सरुबाई पाहायला गेली तेव्हा पोर डोक्यावर हंडा, कडेवर कळशी घेऊन दारात उभी राहिली. सरुबाईपेक्षा वीतभर उंच. ती उंची पाहिली आणि सरुबाईने मनातल्या मनात तिला अठराची करून टाकलं. हिशोब करायला बसली असती तर जमलं नसतं, म्हणून ती बसलीच नाही. चंदाच्या आईने हळूच म्हणून पाहिलं, दोन वर्षं थांबता आलं असतं तर. सरुबाई म्हणाली, साट्यात एक पाय आज आणि दुसरा दोन वर्षांनी टाकता येत नाही. हे खरंच होतं. रोशनी आज द्यायची तर चंदा आज घ्यायची, नाहीतर मध्ये कोण कुणाला फसवेल याचा भरवसा काय?

ग्रामसेवकाला कळू नये म्हणून पत्रिकेत साखरपुडा छापला आणि मांडवात सप्तपदी घातली. जेवायला बसलेल्या चारशे माणसांना ते दिसलं, ज्याला दिसायला नको होतं त्याला आग्रहाने बुंदी वाढली. दुसऱ्या दिवशी रोशनी नवनाथच्या घरी राहिली आणि चंदा नरोलीत आली. तिच्या पेटीत चार साड्या, सागरगोट्यांची पिशवी आणि विज्ञानाचं पुस्तक होतं. परीक्षा झाली तरी ते पुस्तक का आणलं, असं समाधानने विचारलं. ती म्हणाली, त्यातली शेवटची दोन प्रकरणं मला आवडतात. समाधान आठवी नापास. त्याने घाबरून पुस्तक परत पेटीत ठेवलं.

पंधरा-वीस दिवसांनी निकाल लागला. चंदाला एकाहत्तर टक्के. समाधानने चाळीत पेढे वाटले. गावाहून गुणपत्रिका आली, ती सरुबाईने हातात घेतली, वर-खाली पाहिली आणि तिला वाचता येणारी एकच गोष्ट, जन्मतारखेचे आकडे, तिने वाचली. तो कागद तिने तांदळाच्या डब्यात, तळाच्या वर्तमानपत्राखाली घालून ठेवला. अकरावीचं बोलणं निघालं तेव्हा म्हणाली, कागद सापडत नाही.

वाईट वागवली असं म्हणता येणार नाही. चंदा खोलीमालकाच्या पोरींबरोबर ओट्यावर सागरगोटे खेळायची, सरुबाई एखादी हाक मारून तिला आत घ्यायची, एवढंच. चंदा तिला आत्या म्हणायची. भाकरी तिला जमत नव्हती, कडा फाटायच्या. सरुबाई त्या भाकरीला महाराष्ट्राचा नकाशा म्हणायची आणि खायची. गणपतीनंतर चंदाला कोरड्या उलट्या सुरू झाल्या तेव्हा सरुबाईने ओळीतल्या सगळ्या खोल्यांत साखर वाटली.

मग दवाखान्यात नाव घालायची वेळ आली. आधार कार्ड मागणार आणि चंदाच्या आधारवर खरी तारीख. सरुबाईने रात्रभर विचार केला असं तिने नंतर सांगितलं, पण सुचलं ते अगदी सोपं होतं. घरात रोशनीच्या आधारची झेरॉक्स पडली होती. पत्ता इथलाच, वय वीस, आणि झेरॉक्समधला फोटो इतका काळा की त्यात रोशनीसुद्धा रोशनीसारखी दिसत नव्हती. सुकदेवने एकदाच तोंड उघडलं. म्हणाला, "पोर आणली ती आणली, नाव तरी तिचं तिला राहू दे." सरुबाईने विचारलं, मग जेलात तू जातोस का? सुकदेव बिडी घेऊन बाहेर गेला.

सरकारी दवाखान्यात अलका सिस्टर होत्या. मूळच्या महाडच्या, नोकरीमुळे इथे पंधरा वर्षं. बोलणं फटकळ, हात हलका. त्यांनी नाव विचारलं आणि पोर म्हणाली, "चं..." तेवढ्यात सरुबाई मध्ये पडली. रोशनी, सिस्टर, रोशनी. लग्नात नाव बदललंय, अजून जिभेवर बसलं नाही. नवरीचं नाव ताटातल्या तांदळात लिहून बदलायची रीत अलका सिस्टरांच्या घरीही होती. त्या हसल्या.

"मलाही सहा महिने लागले होते, बाई. कुणी नव्या नावाने हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून."

झेरॉक्सवर रोशनी सुकदेव असं नाव होतं. सिस्टरांनी विचारलं, सुकदेव म्हणजे नवरा ना? सरुबाईला आता मागे फिरता येत नव्हतं. ती हो म्हणाली. अशा रीतीने सरकारदरबारी सुकदेवला पन्नाशीत वीस वर्षांची बायको मिळाली आणि सरुबाई स्वतःच्याच घरात जादा झाली. घरी आल्यावर समाधान यावर पोट धरून हसला. चंदाही हसली, तोंडाला पदर लावून. सुकदेव दोन दिवस सुनेसमोर जेवायला बसला नाही.

दुसऱ्या खेपेला अलका सिस्टरांनी पोरीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, वजन केलं, बोलता बोलता तिला विचारलं, अक्कलदाढ आली का? मग सरुबाईला बाजूला घेऊन म्हणाल्या की मावशी, खरं वय काय असेल ते मला सांगून ठेवा, कोवळ्या अंगाला जपावं लागतं. दर पंधरा दिवसांनी रक्तदाब बघायलाच हवा. पायावर सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी घेऊन यायचं. सिस्टर बरंच बोलल्या. सरुबाईच्या कानात शिरलं ते पहिलंच वाक्य. त्यानंतर तिने चंदाला दवाखान्यात नेलंच नाही.

गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या आशाताई चौकशीला आल्या तर त्यांना सांगितलं, पहिलं बाळंतपण आहे, माहेरी पाठवली. आशाताईंची फेरी मंगळवारची. दर मंगळवारी सकाळी चंदाला आत कोंडून बाहेरून कडी लावली जायची आणि खोकायचं नाही अशी ताकीद असायची. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, चपलेत मावेनात. सरुबाईने समाधानची जुनी चप्पल दिली. आठव्यात डोकं दुखायला लागलं. सरुबाईने कपाळाला बाम चोळला, वरून फडकं करकचून बांधलं. चंदाने एकदा भीत भीत म्हटलं की सिस्टरांनी सांगितलं होतं, डोकं दुखलं तर या. सरुबाई फडक्याची गाठ मारत म्हणाली, "माले काय व्हयनं?" सुकदेव उठून बाहेर गेला.

एप्रिलमधली सकाळ होती, आठ वाजलेले, नळावर ओळ लागलेली. चंदा ओट्यावर उभी राहून भरलेल्या बादल्या आत घेत होती. एकाएकी थांबली आणि सरुबाईकडे बघून हसली.

"आत्या, तुम्ही दोन दोन दिसताय."

"एक पुरत नाही का तुला?"

नळावरच्या बाया हसल्या. त्यांचं हसू संपायच्या आत चंदा बादलीसकट खाली आली. तिचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला आणि सगळं अंग ओट्यावर आपटायला लागलं.

समाधान पहिल्या पाळीला गेला होता. बाया म्हणत होत्या, रिक्षा बोलवा. सरुबाई म्हणाली, आधी मंजुळाबाईकडे नेऊ. मंजुळाबाई मागच्या ओळीतली, गावाकडे सुईणपण केलेली. पोरीला चटईवर घालून तिकडे नेलं. मंजुळाबाईने पोटावर हात ठेवला, पापणी वर करून पाहिली, आणि म्हणाली की हे माझं काम नाही, मला यात घेऊ नका. सरुबाई तिला गळ घालत राहिली. त्यात पाऊण तास गेला आणि दुसरा झटका आला. सुकदेव रात्रपाळीवरून परतला तो थेट तिथेच आला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. नाक्यावरून रिक्षा आणली, चंदाला स्वतः उचललं आणि बसला. दमणगंगेचा पूल येईपर्यंत सरुबाई त्याला बजावत होती, नाव रोशनी सांगायचं, विसरू नको. सुकदेव नदीकडे बघत होता.

दवाखान्यात अलका सिस्टरच पुढे आल्या. त्यांनी ओळखलं. सुजलेले पाय पाहिले, पट्टा बांधला, आकडा बघितला आणि सरुबाईकडे मान वळवून फक्त एवढं म्हटलं की माहेरी पाठवली होती ना? मग सुया, सलाइन, धावपळ. डॉक्टर तरुण होते. त्यांना समजून घ्यायचं होतं की पोर हाकेला ओ देते का. शुद्ध कितपत आहे यावर त्यांचं पुढचं ठरणार होतं. सिस्टर वाकल्या.

"रोशनी. रोशनी, बाळा, डोळे उघड."

काही नाही.

त्यांनी गालावर थापटलं, कानाशी तोंड नेलं. रोशनी, ए रोशनी, ऐकू येतंय का? पोर तशीच पडून. डॉक्टर म्हणाले, प्रतिसाद नाही, झटक्याचा परिणाम डोक्यावर झालेला दिसतो. घशात नळी घालायची तयारी करा.

सरुबाई पडद्याच्या कडेला उभी होती. खोलीत एवढी शिकलेली माणसं, पण त्या घटकेला तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पोर ओ देत नव्हती, कारण तिला कोणी हाक मारलीच नव्हती. ते नाव तोंडातून बाहेर पडलं की समाधान जेलात जाणार. समाधान गेला की साटं मोडणार, रोशनी परत येणार. एका शब्दावर दोन घरं उभी होती. सिस्टर तिसऱ्यांदा रोशनी म्हणाल्या आणि सरुबाईला दिसलं की चंदाचं बोट चादरीवर हललं, जसं सागरगोटा उचलताना हलतं तसं. पडदा सारून ती पुढे आली, सिस्टरांना तिने खांद्याने बाजूला केलं, आणि जपून ठेवलेली भाषा तिच्या तोंडून बाहेर पडली.

"चंदा. ए चंदा, माय, डोया उघड."

पापण्या थरथरल्या. एक डोळा अर्धा उघडला, भिरभिरला, सरुबाईवर येऊन थांबला. ओठांतून "ऊं" असं काहीतरी आलं.

डॉक्टर म्हणाले, आहे, आहे, शुद्ध आहे. अलका सिस्टर मात्र डॉक्टरांकडे बघत नव्हत्या. त्यांच्या हातात तोच केसपेपर होता.

"वय काय हिचं?"

"सोळा," सरुबाई म्हणाली. "आषाढात सतरा पुरे होतील."

सिस्टरांनी कागदावर काही खोडलं, काही लिहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आपली माझ्या नावाची गोष्ट सांगत बसले."

पोट फाडून मूल काढलं. मुलगा होता. रडला नाही. पोटातच गेला होता, बहुतेक पहिल्या झटक्यातच, किंवा त्या पाऊण तासात. कधी ते कुणी सांगितलं नाही आणि सरुबाईने विचारलं नाही. चंदा वाचली. पुढे कितीतरी दिवस तिला डाव्या डोळ्याने धुरकट दिसायचं.

संध्याकाळच्या आधी सुकदेवने ते फडक्यात गुंडाळलेलं मूल नदीकाठी नेलं. समाधान खड्डा खणून बाजूला झाला, त्याच्याने पुढचं बघवेना. सुकदेवने मूल ठेवलं, माती लोटली, वर दगड रचले. हात झटकून सरुबाईजवळ आला आणि म्हणाला, "तिसरं."

सरुबाईला आधी कळलंच नाही. मग ती तिथेच खाली बसली. समाधानच्या आधीची दोन. एक पंधराव्या वर्षी, एक सोळाव्या. गावाच्या ओढ्याकाठी सुकदेवनेच असेच दगड रचले होते. सरुबाईने ती दोन कधी मोजलीच नव्हती. विचारलं तर सांगायची, मला दोन मुलं. इतकी वर्षं ती माणसांना विचारत आली होती, मला काय झालं, आणि ज्याला माहीत होतं तो दर वेळी उठून बाहेर जात होता.

पोलीस दुसऱ्या दिवशी आले. सिस्टरांना कळवणं भागच होतं, कायदा तसा आहे, आणि त्यांनी नसतं कळवलं तर त्याच अडकल्या असत्या. हवालदाराकडचा कागद दवाखान्याचा होता. त्याने दारातून विचारलं, सुकदेव कोण? मुलीचा नवरा? सुकदेव जेवत होता. त्याने ताट सरकवलं, हात धुतले, खुंटीवरचा सदरा घातला आणि चप्पल पायात सरकवू लागला. सरुबाईला समजलं की हा माणूस खरोखर जायला निघालाय. समाधान आतून म्हणाला, "बाबा, थांबा. साहेब, नवरा मी आहे."

समाधान आत गेला तो अजून आत आहे. सरुबाई आणि सुकदेव जामिनावर सुटले. चंदाच्या आईवडिलांवरही गुन्हा लागला, म्हणून तिला माहेरी पाठवायचं नाही असं बालकल्याण समितीने ठरवलं आणि मुलींच्या सरकारी बालगृहात ठेवलं.

आठ दिवसांनी नवनाथच्या बापाने रोशनीला बॅगेसकट आणून चाळीच्या तोंडाशी सोडलं. आत आला नाही, पाणीही प्यायला नाही. आमची राहिली नाही तर तुमची कशाला, म्हणाला आणि त्याच रिक्षाने परत गेला. नवनाथ आणि रोशनीचं जमलं होतं खरं. त्याने तिला शिलाई मशीन घेऊन दिलं होतं. पण साट्याला हे विचारायची पद्धत नाही. रोशनी आईशी बोलत नव्हती. एक दिवस ताप आला म्हणून दवाखान्यात गेली, तर तिथल्या संगणकात तिच्या नावावर एक मेलेलं मूल निघालं. घरी येऊन तिने आईला एवढंच म्हटलं, "माझं नाव होतं ना ते? मला विचारलं का?" सरुबाई परातीकडे वळली. तिने भाकरी थापायला घेतली. भाकरी फाटली.

चाळीत अजून कुणी लग्नाचं विचारायला येतं अधूनमधून. सरुबाई म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही.

जूनमध्ये तांदूळ संपले. डबा धुवायला काढला तेव्हा तळाचं वर्तमानपत्र उचलावं लागलं. गुणपत्रिकेला दोन ठिकाणी कसरीने खाल्लं होतं, पण आकडे शाबूत होते. सरुबाईने ती पदराने पुसली, पिशवीत घातली, कंपनीला दांडी मारली आणि बस धरून बालगृहाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. आत सोडणार नाहीत हे तिला माहीत होतं. जामिनाच्या कागदावरच तसं लिहिलं होतं, पोरीला भेटायचं नाही. फाटकावरचा रखवालदार हिंदी बोलणारा, तिच्याच वयाचा. तिने कागद जाळीतून आत दिला. म्हणाली, अकरावीचे फॉर्म सुटलेत, पोरीला लागेल हा. चंदाला द्या.

त्याने वही ओढली. किसने दिया, क्या लिखूं? आप कौन लगती हो?

सासू म्हणायचं तर तोच गुन्हा होता. आत्या म्हणायचं तर तसं म्हणणारी आत होती. सरुबाईने जाळी धरली. तेवढ्यात त्या माणसाने चष्मा लावून गुणपत्रिका वाचली, बोटांवर वर्षं मोजली आणि मान हलवली.

"सोलह की है. अरे, यह तो बच्ची है."

"हो," सरुबाई म्हणाली.

त्याने नात्याची जागा कोरी सोडून वही तिच्यासमोर धरली. तिने तिथे अंगठा लावला आणि पदराला पुसत बसथांब्याकडे चालू लागली.